दारात रांग लागण्याआधी: आश्रयार्थींची आकडेवारी वेळेत कशी गोळा करावी

नेदरलँड्सच्या ईशान्येला, जर्मनीच्या सीमेलगत, टेर आपेल नावाचं छोटं गाव आहे. त्या देशात आश्रय मागायचा तर पहिली नोंदणी तिथल्या केंद्रात होते. २०२२ च्या उन्हाळ्यात त्या केंद्राच्या दाराबाहेर शेकडो माणसं गवतावर, उघड्यावर रात्री काढत होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या एका क्रीडागृहात, जिथे लोकांना तात्पुरतं ठेवलं होतं, तीन महिन्यांचं एक बाळ दगावलं. युद्ध आणि दुष्काळाच्या प्रदेशात काम करणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला नेदरलँड्समध्ये पथक पाठवावं लागलं, तेही इतिहासात पहिल्यांदाच.

त्या वर्षी माणसं अभूतपूर्व संख्येने आली होती, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. २०२२ मध्ये तिथे पहिल्यांदाच अर्ज करणारे २०१५ पेक्षा कमी होते. तुंबलं होतं ते दुसऱ्या टोकाला. ज्यांना आश्रय मंजूर झाला त्यांना भाड्याची घरं मिळत नव्हती, म्हणून ते निवाऱ्यातच अडकले होते. आणि मधल्या शांत वर्षांत बरीच केंद्रं बंद केलेली होती. म्हणजे आवक ठीक, जावक थांबलेली, जागा आटलेली. नुसते अर्ज मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

हा लेख अशा कामासाठी आहे: आश्रयार्थींबद्दलचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला गोळा करणं आणि त्यातून रांग लागण्याआधी इशारा देणं. उदाहरणं बहुतेक युरोपातली आहेत, कारण या कामाची सर्वांत बांधीव पद्धत तिथे आहे. माल्टाच्या वॅलेटा शहरात २०११ मध्ये युरोपीय संघाचं आश्रय सहाय्य कार्यालय सुरू झालं. जानेवारी २०२२ पासून त्याचं रूपांतर युरोपीय संघाच्या आश्रय संस्थेत झालं. आश्रयाचा अर्ज कुठल्या देशाने हाताळायचा ते ठरवणाऱ्या २०१३ च्या डब्लिन नियमावलीच्या ३३ व्या कलमात पूर्वसूचनेची तरतूद आली आणि २०१४ पासून सदस्य देश एका ठरलेल्या विवरणपत्रात दर महिन्याला आकडे पाठवू लागले. पुढे आठवड्याचे आकडेही सुरू झाले. पद्धत मात्र कुठेही लागू पडते. सीमेवरच्या एखाद्या जिल्ह्यातसुद्धा.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. आश्रयार्थी म्हणजे ज्याने संरक्षण मागितलं आहे आणि ज्याचा निकाल लागायचा आहे. निर्वासित म्हणजे ज्याला ते संरक्षण मिळालं. आपल्या वर्तमानपत्रांत दोन्हींना 'निर्वासित' म्हणतात. तक्त्यात तसं चालत नाही, कारण दोघांची गरज आणि दोघांचा रकाना वेगळा आहे.

आधी निर्णय, मग आकडा

सुरुवात कागदावर रकाने आखून करू नका. आधी एक यादी करा: या माहितीवर कोण काय ठरवणार आहे, आणि ते ठरवल्यावर प्रत्यक्षात यायला किती आठवडे लागतात?

निवाऱ्याची नवी इमारत भाड्याने घ्यायची तर मालक, नगरपालिका, अग्निशमन, शेजाऱ्यांची बैठक, सगळं धरून महिने जातात. मुलाखती घेणारे अधिकारी नेमले तरी प्रशिक्षण होऊन ते स्वतंत्रपणे प्रकरणं हाताळायला बराच काळ लागतो. तिग्रिन्या किंवा दरी भाषेचा दुभाषी हवा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी मिळत नाही. गाद्या, ब्लँकेटं, शौचालयं ही काही दिवसांत येतात. प्रत्येक निर्णयासमोर हे आठवडे लिहा. पूर्वसूचनेला 'पूर्व' म्हणायचं की नाही ते या रकान्यावरून ठरतं. इमारतीला १६ आठवडे लागत असतील तर चार आठवडे आधी दिलेला इशारा इमारतीसाठी निरुपयोगी आहे, तंबूंसाठी मात्र पुरेसा.

जो आकडा कुठल्याच निर्णयाशी बांधलेला नाही, तो मागू नका. विवरणपत्र भरणारी व्यक्ती त्याच टेबलावर अर्जही घेत असते. तिच्या प्रत्येक जादा रकान्यामागे कुणीतरी बाकावर दहा मिनिटं अधिक बसतं.

माणूस नेमका कधी मोजायचा

इथे थोडा वेळ घालवा, कारण बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे.

आश्रयाची मागणी एका क्षणात होत नाही. युरोपीय कायद्यात तिचे तीन टप्पे आहेत. पहिला, माणूस पोलिसाला किंवा सीमारक्षकाला तोंडी सांगतो की मला परत जायची भीती वाटते, मला संरक्षण द्या. दुसरा, सक्षम कार्यालय त्याची नोंदणी करतं. आश्रय-प्रक्रियेबद्दलच्या २०१३ च्या युरोपीय निर्देशानुसार यासाठी तीन कामाचे दिवस, मागणी दुसऱ्या यंत्रणेकडे केली असेल तर सहा, आणि एकाच वेळी फार लोक आले तर दहा अशी मुदत होती. तिसरा, तो रीतसर अर्ज दाखल करतो. शांत काळात तिन्ही एका आठवड्यात उरकतात. गर्दीच्या काळात त्यांच्यात महिने पडतात, आणि अशा वेळी तुम्ही कुठला टप्पा मोजताय यावर सगळं चित्र फिरतं.

जर्मनीचं २०१५ पाहा. आलेल्या माणसाची पहिली नोंद 'ईझी' नावाच्या वाटप-प्रणालीत व्हायची. त्यात नाव नसे. मूळ देश आणि कुठल्या राज्यात पाठवायचं एवढंच. त्या वर्षी तिथे सुमारे १० लाख ९० हजार नोंदी झाल्या. रीतसर अर्ज मात्र ४,७६,६४९. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, सरकारने दुरुस्त आकडा दिला: २०१५ मध्ये प्रत्यक्षात आलेले सुमारे ८ लाख ९० हजार. बाकीच्या नोंदी दुहेरी होत्या, किंवा माणसं दुसऱ्या देशात निघून गेली होती. आता २०१६ बघा. त्या वर्षी सुमारे २ लाख ८० हजार लोक आले, पण अर्ज ७,४५,५४५ झाले, कारण आदल्या वर्षीचे लोक आता कुठे टेबलापर्यंत पोचत होते. फक्त अर्जांचा आलेख पाहणाऱ्याला संकट २०१६ मध्ये वाढतंय असं वाटलं असतं, जेव्हा सीमेवर ते बरंच ओसरलं होतं.

तेव्हा तिन्ही टप्पे वेगवेगळे मोजा. शक्य नसेल तर निदान पहिला आणि तिसरा. आणि त्यांच्यातलं अंतर हा स्वतंत्र निर्देशक धरा. तोंडी मागणीपासून रीतसर अर्जापर्यंत सरासरी किती दिवस जातात? हे दिवस वाढू लागले की समजा, नोंदणीचं टेबल तुंबतंय, जरी अर्जांचा आकडा सपाट दिसत असला तरी. सपाट दिसण्याचं कारण तेच असतं: टेबलाची क्षमता आठवड्याला २०० असेल तर बाहेर २५० असोत की ९००, अर्ज २०० च दिसतात.

ग्रीसने २०१६ च्या जून-जुलैमध्ये मुख्य भूमीवरच्या छावण्यांत पूर्वनोंदणीची मोहीम घेतली. सुमारे २७ हजार माणसांची नोंद त्यात झाली. ही माणसं आधीपासून देशात होती, छावणीत राहत होती, पण अर्जांच्या तक्त्यात नव्हती. कुठेही काम सुरू करताना हा प्रश्न विचारा: माझ्या तक्त्याबाहेर कोण उभं आहे?

बाकीच्या व्याख्या लवकर उरकतो. फायली मोजू नका, माणसं मोजा; एका फाईलवर आई-वडील आणि चार मुलं असतात, आणि खाटा सहा लागतात. पहिला अर्ज आणि फेरअर्ज वेगळे ठेवा, कारण फेरअर्ज करणारा बहुधा आधीच देशात असतो. त्याचा वाढता आकडा नव्या येणाऱ्यांबद्दल नाही, जुन्या निकालांबद्दल सांगतो. नागरिकत्वात 'राज्यहीन' (ज्याला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही) आणि 'अज्ञात' असे दोन वेगळे रकाने हवेत. एकत्र केले की दोन्हींचा अर्थ जातो. सोबत पालक नसलेल्या मुलांच्या बाबतीत मुलाने सांगितलेलं वय धरलंय की तपासणीनंतर ठरलेलं, हे तक्त्याच्या वर स्पष्ट लिहा. पूर्वसूचनेसाठी मी सांगितलेलं वय धरेन. मूल दारात आलं त्या रात्री त्याला मुलांच्याच निवाऱ्यात जागा लागते. वयाचा निर्णय नंतर होतो.

किती रकाने

अर्ज: पहिले आणि फेर, नागरिकत्वानुसार. सोबत पालक नसलेली मुलं. माघारी गेलेले अर्ज. पहिल्या पातळीवरचे, म्हणजे अपिलाआधीचे निकाल, मंजूर आणि नामंजूर. प्रलंबित प्रकरणं, आणि त्यातली सहा महिन्यांहून जुनी किती. निवाऱ्यातल्या एकूण खाटा, भरलेल्या खाटा, आणि त्यातल्या किती खाटांवर निकाल लागूनही घर न मिळालेले लोक आहेत.

शेवटचा रकाना बऱ्याच विवरणपत्रांत नसतो. टेर आपेलची गोष्ट आठवली तर तो का हवा ते कळेल.

माघारी गेलेल्या अर्जांबद्दल थोडं. माणूस लेखी कळवून अर्ज मागे घेतो तेव्हा ती उघड माघार. पण तो मुलाखतीला आलाच नाही, पत्ता सोडून गेला, तर कार्यालय काही काळाने ती माघार धरतं. ही दुसऱ्या प्रकारची माघार फार बोलकी असते. एखाद्या देशाच्या नागरिकांची ती अचानक वाढली तर त्याचा अर्थ बहुधा असा की तुमचा देश त्यांच्यासाठी मुक्काम नाही, वाट आहे. पुढच्या देशातल्या सहकाऱ्याला त्याच दिवशी कळवा.

रोजमेळ जुळला पाहिजे

दुकानाचा रोजमेळ लिहिणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: आरंभीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक, बरोबर अखेरची शिल्लक. आश्रय-आकडेवारीत हा ताळमेळ फार कमी ठिकाणी घेतला जातो, आणि घेतला की निम्म्या चुका तिथल्या तिथे सापडतात.

समजा सोमवारी सकाळी १,२०० प्रकरणं प्रलंबित होती. आठवड्यात २४० नवे अर्ज आले, १८० निकाल लागले, २० माघारी गेले. अखेरीस १,२४० हवीत. केंद्राने कळवलं १,३१०. हे ७० कुठून आले? बंद केलेली प्रकरणं पुन्हा उघडली असतील. अपिलातून फेरतपासणीला परत आली असतील. एखाद्या शाखेने फायली मोजल्या आणि दुसरीने माणसं, असंही असेल. उत्तर काहीही असो, दूरध्वनी करून विचारा आणि ते तक्त्याखाली टीप म्हणून लिहा. आकडा स्वतः दुरुस्त करून मोकळं होऊ नका. पुढच्या आठवड्यात तोच फरक पुन्हा येईल आणि तुम्हाला तो ओळखता येणार नाही.

निवाऱ्याचाही असाच मेळ घ्या. नोंदीत आलेले आणि खाटेवर झोपलेले यांत फरक पडत असेल तर ती माणसं कुठे आहेत, हा प्रश्न हिशेबापुरता राहत नाही.

वार ठरवा, वेळ ठरवा, 'निरंक' लिहा

युरोपची अधिकृत आकडेवारी युरोस्टॅट देतं. २००७ च्या नियमानुसार अर्जांचे मासिक आकडे महिना संपल्यावर दोन महिन्यांच्या आत पाठवायचे असतात. ते तपासलेले, पक्के असतात, आणि संशोधनासाठी तेच वापरावेत. पण मार्चच्या सुरुवातीला काय झालं ते मेअखेरीस कळलं, तर खाटा लावायच्या दृष्टीने ते इतिहासात गेलेलं असतं. म्हणून कामकाजाची आकडेवारी वेगळी चालवतात: लवकर येणारी, तात्पुरती, नंतर दुरुस्त होणारी. दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत. त्यावरून भांडू नका. प्रत्येक तक्त्यावर 'तात्पुरता' असा शिक्का आणि तो कधी काढला याची तारीख टाका, म्हणजे कुणी एक आकडा घेऊन दुसऱ्याला खोटं ठरवणार नाही.

माझी शिफारस अशी: आठवड्याचं विवरणपत्र चार-पाच रकान्यांचं, महिन्याचं पूर्ण. आठवडा सोमवार ते रविवार, विवरण मंगळवारी दुपारी बारापर्यंत, एकत्रित तक्ता बुधवारी. तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच छापून द्या.

आणि निरंक अहवाल. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही हा शब्द माहीत असतो. साथरोगाच्या साप्ताहिक अहवालात एकही रुग्ण नसला तरी आरोग्य केंद्राने 'निरंक' असं कळवायचं असतं, म्हणजे रुग्ण नाहीत आणि अहवालच आला नाही यांतला फरक वर बसलेल्याला कळतो. आश्रयाच्या तक्त्यात रिकामी चौकट हा सर्वांत घातक आकडा आहे. बेरीज करणारं सॉफ्टवेअर तिला शून्य समजतं, आणि नेमक्या ज्या केंद्रात गर्दीमुळे विवरण भरायला माणूस उरला नाही तिथला आकडा शून्य दिसतो. चौकटीत अंक असेल, 'निरंक' असेल, किंवा 'अप्राप्त' असेल. रिकामी कधीच नसेल. 'अप्राप्त' सलग दोनदा आलं तर तोच इशारा समजून माणूस पाठवा.

दुरुस्त्यांसाठी जुना आकडा पुसू नका. पहिल्यांदा कळवलेला आणि नंतर दुरुस्त झालेला, दोन्ही जपा. वर्षभराने तुम्हाला कळेल की अमुक केंद्राचा पहिला आकडा सरासरी दहा टक्क्यांनी कमी असतो, आणि मग त्या केंद्राचा ताजा आकडा वाचताना तुम्ही तेवढी सूट धराल.

नाताळच्या आणि ऑगस्टच्या सुट्ट्यांत कचेऱ्या बंद असतात, म्हणून अर्ज घटतात. ती घट माणसांची नाही, खिडक्यांची आहे. त्या आठवड्यात किती दिवस टेबल उघडं होतं, हे एका ओळीत लिहून घ्या.

आकडे भरणाऱ्याला काय मिळतं

युरोपीय आश्रय कार्यालयाने सुरुवातीपासून प्रत्येक देशात एक ठरलेला संपर्क अधिकारी आणि या सगळ्यांचा आकडेवारी पुरवणारा गट बांधला. यंत्रणा टिकली त्याचं श्रेय मी सॉफ्टवेअरपेक्षा या गटाला देईन. ज्या माणसाला आपण पाठवलेल्या आकड्यातून तयार झालेला तक्ता परत मिळतो, शेजारच्या देशात काय चाललंय ते दिसतं, तो पुढचा आकडा वेळेवर पाठवतो. ज्याला नुसती स्मरणपत्रं येतात तो अंदाजे आकडे भरू लागतो. प्रत्येक केंद्रात एक मुख्य आणि एक बदली व्यक्ती नेमा, दर बुधवारी एक पान परत पाठवा, आणि तक्त्यातली चूक ज्याने दाखवून दिली त्याचं नाव घेऊन आभार माना.

आता वाचायचं कसं

सर्वांत उपयोगी गणित सर्वांत सोपं आहे. रिकाम्या खाटा भागिले आठवड्याची निव्वळ वाढ. समजा ६०० खाटा रिकाम्या आहेत आणि आठवड्याला आत येणारे बाहेर जाणाऱ्यांपेक्षा ५० ने जास्त आहेत. हातात १२ आठवडे आहेत. नवी इमारत उभी करायला १६ लागत असतील तर निर्णय चार आठवड्यांपूर्वीच व्हायला हवा होता, आणि आज बाहेर एकही माणूस उघड्यावर नसला तरी इशारा आजच द्यायला हवा. टक्क्यांत सांगायचं तर मी ८५ टक्के भरलं की केंद्र भरलं असं धरतो. शेवटच्या खाटा कधीच पूर्ण भरता येत नाहीत: चौघांच्या खोलीत तिघांचं कुटुंब असतं, एकट्या बाईला अनोळखी पुरुषांसोबत ठेवायचं नसतं.

दुसरं, एकूण बेरजेत बुडून गेलेले छोटे देश शोधा. एखाद्या देशाचे आठवड्याला दहा-बारा अर्ज येतात आणि या आठवड्यात ३० आले, तर हजारोंच्या बेरजेत ते दिसणार नाही. प्रत्येक नागरिकत्वासाठी गेल्या आठ आठवड्यांचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढा, आणि सोबत गेल्या वर्षीचा तोच आठवडा ठेवा. दुप्पट झालं आणि आकडा निदान २० च्या वर असेल तर खूण करा. सलग तीन आठवडे खूण पडली तर टिपण लिहा. ही मर्यादा दगडावरची रेघ नाही. पहिल्या सहा महिन्यांत खोटे इशारे फार आले तर वाढवा, एखादी खरी घटना निसटली तर कमी करा.

२०१४ च्या शेवटच्या महिन्यांत कोसोवोतून माणसं बसने सर्बियात, तिथून हंगेरीत जाऊ लागली. हंगेरीत त्या वर्षी ४२,७७७ अर्ज आले, त्यांतले जवळपास निम्मे कोसोवोच्या नागरिकांचे, आणि तेही मुख्यतः वर्षाच्या शेवटाकडे. २०१५ च्या सुरुवातीला तोच ओघ जर्मनीत पोचला. वार्षिक आकड्यांत हे खूप उशिरा दिसतं. आठवड्याच्या तक्त्यात बुडापेस्टचा चढ बर्लिनच्या आधी दिसतो, आणि ते मधले आठवडे म्हणजेच पूर्वसूचना.

आपल्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण २०२२ चं आहे. भारतीय पासपोर्टवर सर्बियात ३० दिवस व्हिसाशिवाय जाता येत होतं. त्या वर्षी ऑस्ट्रियात एक लाखाहून जास्त अर्ज आले आणि अर्जदारांच्या यादीत भारत पहिल्या काही देशांत जाऊन बसला. बेलग्रेडपर्यंत विमान, तिथून पुढे जमिनीवरून. मंजुरीचं प्रमाण नगण्य होतं आणि पुष्कळ जण ऑस्ट्रियात थांबलेच नाहीत. म्हणजे अर्ज आणि माघार हे दोन्ही रकाने एकदम वर गेले. १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाने ती सवलत काढली आणि भारतीयांचे अर्ज झपाट्याने उतरले. इथून घ्यायची गोष्ट अशी: तक्त्याशेजारी घटनांची एक डायरी ठेवा. कुठे व्हिसाचा नियम बदलला, कुठे नवी विमानसेवा सुरू झाली, कुठे निवडणूक, कुठे सत्तापालट. आकडा हलला की आधी डायरी उघडा. या डायरीशिवाय आकडा मुका असतो.

बाहेरच्या खुणाही पाहता येतात. युरोपीय संस्थेने मूळ देशांतल्या बातम्यांतून संघर्ष आणि राजकीय घटनांची मोजणी, इंटरनेटवरचे शोध, सीमेवरच्या नोंदी, हे सगळं अर्जांच्या आकड्यांशी जोडून काही आठवडे पुढचा अंदाज करण्याचं काम केलं आहे. उपयोगी आहे, पण माझा सल्ला, वर्षभर स्वतःचा रोजमेळ नीट जुळल्याशिवाय तिकडे वळू नका. मागचा आठवडा नक्की माहीत नसताना पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज कशावर उभा करणार? आणि कल्पना नवी नाही. १८८० च्या दशकात मुंबई इलाख्यासह ठिकठिकाणी दुष्काळ संहिता लागू झाल्या. धान्याचे भाव चढणं, सावकाराने हात आखडणं आणि माणसं नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने गाव सोडून भटकू लागणं, या खुणांवर लक्ष ठेवून वर कळवायचं असे. माणसं चालू लागतात ती खूण तेव्हाही ओळखलेली होती.

जे तक्त्यात येत नाही

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ४ मार्चला युरोपीय संघाने २००१ चा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश पहिल्यांदाच लागू केला. लाखो लोकांना आश्रयाचा अर्ज न करताच राहण्याचा, कामाचा, शाळेचा हक्क मिळाला, आणि आश्रय-अर्जांच्या तक्त्यात युक्रेनचा आकडा मात्र तुलनेने लहानच राहिला. ज्या यंत्रणेकडे फक्त आश्रयाचं विवरणपत्र होतं तिला त्या वर्षातली युरोपची सर्वांत मोठी हालचाल दिसलीच नसती. नवी वाट उघडली की त्याच आठवड्यात तिच्यासाठी रकाना उघडा. पूर्ण व्याख्या नंतर येऊ देत.

उलटही होतं. ८ डिसेंबर २०२४ ला सीरियात असद यांची राजवट कोसळली आणि अनेक युरोपीय देशांनी सीरियन प्रकरणांवरचे निकाल थांबवले. पुढच्या काळात सीरियनांचे नवे अर्ज घटले, पण निकालच होत नसल्याने आधीची माणसं प्रलंबितच राहिली, केंद्रांतच राहिली. नुसत्या अर्जांवर पाहिलं असतं तर खाटा मोकळ्या होतील असं वाटलं असतं.

इशारा एका पानात

तीस पानी अहवाल कुणी वाचत नाही. एक पान लिहा. काय बदललं, आकड्यासह. किती खात्री आहे आणि का. एकाच केंद्राचा आकडा आहे की तीन केंद्रांचा. हे असंच चालू राहिलं तर कुठली गोष्ट कधी भरेल. कोणी काय करायचं, कुठल्या तारखेपर्यंत. शेवटी, हा इशारा चुकीचा ठरायचा तर काय दिसायला हवं. टिपण कुणाला दिलं आणि त्याने काय ठरवलं, हे वहीत नोंदवा. 'आत्ता काही करायचं नाही' हा निर्णयही नोंदवा, सही आणि तारखेसह.

आणि भाषा. मराठी बातम्यांत 'लोंढा' हा शब्द अशा वेळी सहज येतो. टिपणात तो लिहू नका. लोंढा आला की बांध घालायचा असतो. '३१० माणसं, त्यांत ९० मुलं' वाचलं की खाटा आणि शाळा आठवते. शब्दानेच अर्धा निर्णय होऊन जातो.

माणसांना जपणं

या आकड्यांच्या मागे जिवाच्या भीतीने पळालेले लोक आहेत, आणि आकडासुद्धा त्यांना उघडं पाडू शकतो. पूर्वसूचनेसाठी नाव, जन्मतारीख, गाव, बोटांचे ठसे यांतलं काहीही लागत नाही, मागू नका. केंद्रांकडून फक्त बेरजा घ्या. एखाद्या छोट्या गावातल्या केंद्रात अमुक देशाची एकच बाई असेल तर 'नागरिकत्व, लिंग, केंद्र' हे तीन रकाने एकत्र छापणं म्हणजे तिचा पत्ता छापणं आहे. युरोस्टॅट प्रसिद्ध करताना आकडे पाचच्या जवळच्या पटीत बदलतं, ते याचसाठी. तुम्हीही बाहेर जाणाऱ्या तक्त्यात तसंच करा, आणि लहान चौकटी एकत्र करा. केंद्रवार तक्ता मूळ देशाच्या वकिलातीपर्यंत कुठल्याही वाटेने जाता कामा नये.

याच आकड्यांवरून कुणी वाट बंद करायची मागणी करील, हेही गृहीत धरा. ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढं आहे की विवरणपत्राच्या पहिल्याच ओळीत उद्देश लिहिलेला असावा: निवारा, अन्न, उपचार, दुभाषी आणि वेळेत निकाल यांची तयारी. मी ही ओळ वगळून कुठलंही विवरणपत्र पाठवणार नाही.

पहिला महिना

सॉफ्टवेअरची वाट पाहू नका. पहिल्या आठवड्यात तीनच केंद्रं निवडा आणि एक साधा तक्ता पाठवा: तोंडी मागण्या, रीतसर अर्ज, भरलेल्या खाटा, रिकाम्या खाटा. दुसऱ्या आठवड्यात स्वतः एका केंद्रात जा आणि तक्ता भरताना शेजारी बसा. 'अर्ज' म्हणजे ते नेमकं काय मोजतात ते तिथे कळतं, पत्रव्यवहारात नाही. तिसऱ्या आठवड्यात ताळमेळ घ्या. चौथ्यात पहिलं पान लिहा, कितीही कच्चं असो, आणि ज्यांनी आकडे दिले त्यांनाच आधी दाखवा.

आणि पहिल्या दिवसापासून पाचवा रकाना ठेवा. काल रात्री दाराबाहेर किती माणसं झोपली? त्यासाठी कुणालातरी सकाळी सहाला बाहेर जाऊन मोजावं लागेल. तो आकडा कुठल्याच संगणकात नसतो. तिथे 'निरंक' असेल तर मोजणाऱ्याने सही करून तसं लिहावं.